गावातला पडका वाडा ‘वारसा’ कसा ठरतो?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्या आठवड्यात गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर अभिनंदनाचा पूर आला, आणि त्या पुरात मला एक साधा प्रश्न दिसला: “आपल्या गावातल्या देशमुखांच्या वाड्याचं काय? तोपण जुनाच आहे की.”

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नाही हा. कारण किल्ल्यांचं कौतुक चालू असतानाच गावठाणांची ड्रोनने मोजणी होते आहे आणि घरोघर मिळकत पत्रिका पोचते आहे. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोन मोजणीचा प्रयोग होऊन गेला होता. योगायोग असा की सोनोरी हे पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानशांचं गाव. त्यांचा वाडा तिथे आहे आणि डोक्यावर त्यांनीच १७६० च्या सुमारास बांधलेला मल्हारगड. मराठ्यांनी बांधलेल्या शेवटच्या किल्ल्यांत तो गणला जातो.

मिळकत पत्रिका कामाची चीज आहे, तिच्यावर कर्ज मिळतं, भाऊबंदकीची भांडणं मिटतात. पण तिच्यावर वाडा कसा उतरतो? अमुक चौरस मीटर क्षेत्र, तमुक धारक. उभा सागवानी वाडा आणि शेजारचा पत्र्याचा गोदाम, दोघांची नोंद एकसारखीच. तेव्हा ‘या जागेत राखण्यासारखं काय आहे’ हे पाहायची रीत कोणती, ते समजून घेऊ.

## आधी कस, मग व्यवहार

‘वारसामूल्य’ हा शब्द सरकारी वाटतो. त्याचा अर्थ एवढाच: ही वास्तू गेली तर आपण नेमकं काय गमावू, याचं कारणांसहित उत्तर. पैशातली किंमत वेगळी, हे मूल्य वेगळं.

लोकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. वारसा म्हटलं की सरकारी बोर्ड, तारेचं कुंपण आणि ‘आता खिळासुद्धा ठोकता येणार नाही’ ही भीती. पण सोनार कसोटीच्या दगडावर सोनं घासतो तेव्हा तो तुमचं सोनं काढून घेत नाही, विकायलाही लावत नाही. कस किती आहे तेवढं सांगतो. मोडायचं, गहाण ठेवायचं की सुनेच्या अंगावर घालायचं, ते तुम्ही ठरवता. वारसामूल्य ठरवणं म्हणजे तो कस पाहणं. कायद्याचं संरक्षण ही पुढची आणि संपूर्ण वेगळी पायरी आहे. बहुतेक वाड्यांच्या वाट्याला ती कधी येतच नाही.

कायदा काय म्हणतो ते पटकन पाहून घेऊ. केंद्राचा पुरातन स्मारकांचा कायदा १९५८ चा, महाराष्ट्राचा १९६० चा. केंद्राच्या कायद्यात वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते, पण शंभरी भरली की आपोआप संरक्षण मिळतं असं मुळीच नाही. ती राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर व्हावी लागते. अशी जाहीर झालेली स्मारकं सगळ्या देशात मिळून सुमारे ३७०० आहेत. शहरांमध्ये आणखी एक पद्धत आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली आणि इमारतींना पहिली, दुसरी, तिसरी अशी श्रेणी मिळू लागली. ती बेतली शहरासाठी, गावठाणाच्या वेशीपर्यंत ती क्वचितच येते.

म्हणजे गावातला वाडा दोन्हींच्या फटीत सापडतो. स्मारक म्हणायला लहान, शहरी यादीत यायला लांब. त्याची नोंद करायचीच असेल तर ती घरच्यांनी किंवा गावानेच करायची.

## ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांकडून काय शिकायचं

वारसामूल्य कसं लिहायचं याची जगभर वापरली जाणारी एक रीत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बर्रा नावाच्या गावात ठरली. तांब्याच्या खाणींचं जुनं गाव. तिथे १९७९ मध्ये वारसा-तज्ज्ञांनी एक सनद स्वीकारली, ती ‘बर्रा सनद’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात विचारायचे प्रश्न पाच: वास्तू दिसायला कशी आहे, इतिहासातल्या कोणत्या घडामोडीशी जोडलेली आहे, तिच्यातून नवीन काही शिकता येतं का, आज कोणत्या समाजाला ती आपली वाटते, आणि तिच्याशी श्रद्धा जोडलेली आहे का.

त्या देशात राजवाडे नाहीत. त्यांच्याकडे जुनं म्हणजे मेंढपाळांच्या मोठमोठ्या जमिनींवरची घरं. मग मालकाच्या घराबरोबर लोकर कातरायची लांबलचक शेड, कातरणाऱ्या मजुरांच्या खोल्या, पाण्याची टाकी, एवढंच नव्हे तर कुंपणसुद्धा वारशात मोजायची सवय त्यांना लागली. शेतकऱ्याचं घर भिंतीपाशी संपत नाही, हे त्यांनी ओळखलं.

आपण मात्र वाडा म्हटलं की दर्शनी दरवाज्याचा फोटो काढतो. गोठा, आड, उकिरडा, परसातली न्हाणी, धान्याचं पेव, कडब्याची गंज रचायची जागा, यांचा फोटो कुणी काढल्याचं मला आठवत नाही. माझ्या मते गावच्या वाड्याचा अर्धा अर्थ तिथेच दडलेला असतो.

## वाडा वाचायचा कसा?

एखादा अनोळखी मोडी कागद समोर आला तर आपण आधी अक्षरं लावतो. वाड्याचीही बाराखडी आहे.

पहिलं अक्षर ‘खण’. (बायकांना चोळीचा खण आठवेल, तो वेगळा.) दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुन्या काळी घर चौरस फुटांत मोजत नसत. तीन खणांचं घर, पाच खणांचा सोपा (म्हणजे पडवी) असंच म्हणत. हे अंतर ठरे तुळईला मिळणाऱ्या लाकडाच्या लांबीवरून आणि ताकदीवरून. त्यामुळे खण मोजला की घर बांधणाऱ्याला कसलं लाकूड परवडत होतं याचा अंदाज येतो. सुतारीण खांबाच्या तळाशी दगडी बैठक ठेवते की नाही, तेही बघायचं. ती ठेवली नसेल तर खांबाचा पाय वाळवीच्या तोंडी. (सुतारीण म्हणालो ते अनवधानाने नाही. आमच्याकडे सुताराच्या कामावर त्याच्या घरची बाई तेवढीच राबायची. नोंदीत तिचं नाव कुठेच नसतं.)

दुसरं अक्षर छप्पर. वाई, सातारा, पुणे, कोकण या पावसाच्या पट्ट्यात उतरती कौलं. सोलापूर, बार्शी, लातूर, बीडकडे गेलात की छत सपाट: माळवद. लाकडी तुळया, त्यांवर आडव्या काड्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर. मधोमध उजेड आणि धूर यांसाठी ठेवलेलं भोक, त्याला साणं म्हणतात. पावसाळ्याआधी माळवदावर पुन्हा माती टाकून चोपायची. कमी पावसाच्या मुलखात, भर उन्हाळ्यात, त्या मातीखाली झोपलेल्याला कळतं की पूर्वजांनी ही माती डोक्यावर का घेतली.

तिसरं अक्षर चौक. मध्ये उघडा चौक आणि चारी बाजूंनी सोपे, म्हणून चौसोपी वाडा. दिवसा तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, रात्री थंड हवा खाली बसते आणि सकाळी दहा-अकरापर्यंत सोपे गार राहतात. मध्ये तुळशीवृंदावन. मातीच्या जाड भिंती उष्णता हळूहळू घेतात, हळूहळू सोडतात. पंख्याविना चालणारं हे यंत्र आहे. अर्थात चौकावर पत्रा टाकला की ते बंद पडतं, आणि मग आपणच म्हणतो, ‘जुन्या घरात फार उकडतं’.

चौथं धान्य. भिंतीच्या पोटात बांधलेलं बळद, वरून धान्य ओतायचं, खालच्या लहान तोंडातून काढायचं. आणि जमिनीच्या पोटात पेव. ज्वारी वर्षानुवर्षं टिकावी म्हणून खोल खड्डा, आतून पेंढ्याचं अस्तर, तोंड बंद. आत हवा खेळत नसल्याने किडा जगत नाही. पण बंद धान्यही मंद श्वास घेतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून पेव उघडल्या उघडल्या कुणी आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणूसही विझेल. पुस्तक न वाचलेल्या माणसांचं हे रसायनशास्त्र. ‘बंगल्यांचं पेव फुटलंय’ असं आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण तो वाक्प्रचार ज्याच्यावरून आला ते पेव आज किती जणांनी पाहिलंय? त्याचं उत्तर म्हणजेच पेवाचं वारसामूल्य.

पाचवं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं, म्हणजे उंबरठे. मोठा दरवाजा, त्यात लहान दिंडी, आत शिरताना मान वाकवावीच लागते. दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांची देवडी. मग ओसरी किंवा सदर: इथे सारा, फाळे, तंटे, हिशेब. कुलकर्ण्याचं दप्तर लाल रुमालात बांधलेलं इथेच उघडायचं. ‘भटाला दिली ओसरी’ ही म्हण सगळ्यांना तोंडपाठ आहे. ओसरी ही पाहुण्याला मोकळी असलेली शेवटची जागा, हे त्या म्हणीत गृहीत धरलेलं असतं. त्यापुढे माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची अंधारी खोली. कोण कुठवर येऊ शकतो, हे वाडा न बोलता सांगतो. त्यावर पुढे येऊच.

## मेणवलीचं उदाहरण

वाईपासून जवळच, कृष्णेच्या काठी, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. गाव त्यांना १७६८ मध्ये इनाम मिळालं, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाडा, घाट आणि देवळं उभी राहिली. बहुतेक लोक इथे येतात ते सिनेमात पाहिलेला घाट बघायला. छायाचित्रं घाटाची निघतात, आणि घाट आहेच तसा देखणा.

पण पाच प्रश्न लावून बघा. देखणेपणा: घाट, चौकामागून चौक, भिंतींवरची चित्रं. इतिहास: मराठी राज्याचा हिशेब ज्याच्या हातात होता त्या माणसाचं हे गावचं घर. शिकण्यासारखं: इथले कागद. ‘मेणवली दप्तर’ या नावाने ओळखला जाणारा तो मोठा साठा पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्यांनी उलगडला. श्रद्धा आणि आपलेपणा: घाटावरची देवळं आजही पूजेतली. आणि तिथल्या एका देवळाजवळ टांगलेली भलीमोठी पंचधातूची घंटा आहे पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तिथल्या चर्चमधून ती आली असं मानतात.

एक घंटा घाटावर असताना सांगते: वसईची मोहीम, विजयाच्या खुणा गावोगाव वाटायची पद्धत, आणि परक्या देवाची घंटा आपल्या देवळात सहज वाजवणारी माणसं. तीच मुंबईच्या लिलावात ठेवली तर ती फक्त पंचधातूची जुनी घंटा. जागा बदलली की वस्तू मुकी होते.

## ‘सागवान काढून रिसॉर्टला लावलं, म्हणजे जपलंच ना?’

जुनं लाकूड घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. कोरीव खांब, तुळया, दरवाजे उतरवून नेतात, आणि पुढे ते एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात दिसतात. लाकूड वाचतं हे खरं. पण आजीच्या गोधडीतले फक्त पैठणीचे तुकडे उसवून फ्रेम केले तर गोधडी राहत नाही. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा आणि तो कुठल्या तुकड्याला जोडलेला, यातच तिची किंमत असते.

तरीही मी हटवाद करणार नाही. दुसरा मार्गच नसेल तर नीट मोजून, क्रमांक घालून उतरवणं हे लूट होण्यापेक्षा बरं. दिनकर केळकरांनी कोथरूडचा मस्तानी महाल असाच आणून पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला. तो आज बघायला मिळतो तो त्यामुळेच. पण त्यांनी पूर्ण दालन उचललं, नुसता दरवाजा नाही.

## ‘वाडा म्हणजे सरंजामशाही. ती जपायची कशाला?’

हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. पाटील-देशमुखांच्या वाड्याच्या दारात कुणाच्या आजोबांना वाकून उभं राहावं लागलं, वेठ करावी लागली, पाणी वरून ओतून घ्यावं लागलं, हे गावात अजून कुणी विसरलेलं नाही. ते घर ‘आपला वारसा’ म्हणून मिरवा असं त्यांना सांगणं हा उद्धटपणा आहे.

पण वारसा म्हणजे अभिमानाची यादी, असं कुठे लिहिलंय? तो पुरावा आहे. कोण दिंडीतून आत जायचं, कोण देवडीपाशी थांबायचं, कुणासाठी मागच्या बाजूला वेगळी वाट होती, हे उंबरठ्यांत दगडाने लिहून ठेवलेलं आहे. वाडा पाडला तर अन्याय पुसला जात नाही, त्याचा साक्षीदार तेवढा जातो. म्हणून वारसामूल्य लिहिताना ‘शूर पूर्वज’ एवढंच लिहिलं तर ती नोंद खोटी. वाड्याच्या बाहेर उभ्या राहिलेल्यांची आठवणही तिच्यात आली पाहिजे, त्यांच्याच शब्दांत.

वाडे ओस का पडले, याचंही उत्तर इथेच आहे. शहराच्या ओढीने एवढंच म्हणून भागत नाही. मुंबई राज्यात परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, पाटीलकी महाराष्ट्र झाल्यावर, १९६२ मध्ये. १९४८ च्या कूळकायद्याने कुळांना जमिनी मिळू लागल्या, १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेची मर्यादा आली. मराठवाड्यात निजामी राज्य संपलं आणि १९४९ मध्ये जहागिरी गेल्या. १९४८ मध्येच गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ब्राह्मणांची घरं जळाली आणि त्यांतली बरीच कुटुंबं पुन्हा गावाकडे फिरकली नाहीत. म्हणजे ज्या उत्पन्नावर पंचवीस माणसांचा चौसोपी संसार चालायचा तो आधारच निघून गेला. पडका वाडा हे नुसत्या दुर्लक्षाचं चित्र नाही, ते महाराष्ट्रातल्या जमीनसुधारणेचंही चित्र आहे. शाळेच्या पुस्तकातला तो कंटाळवाणा धडा गावात भिंत होऊन उभा आहे.

## ‘किल्लारी विसरलात का?’

नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेतच गेली, आणि बहुतेकांना मारलं ते त्यांच्या स्वतःच्या घरांनी. जुन्या घरांबद्दल गोड बोलणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे.

घरं का पडली? तिथल्या दगडी भिंती दोन-तीन फूट जाड. बाहेरून पाहिलं तर भक्कम. पण आत दोन स्वतंत्र थर, बाहेरचा आणि आतला, आणि मध्ये मातीत भरलेले गोटे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आडवा लांब दगड घातलेलाच नाही. पुस्तकाची दोन पुठ्ठ्यांची बांधणी सुटली तर पानं कशी पसरतात, तसे ते थर हादऱ्याने दोन दिशांना कोसळले. त्यावर माळवद. दरवर्षी वरून माती टाकत गेलेलं, जुनी न उतरवता. वर्षांमागून वर्षं गेली आणि छताचा थर फूट-दोन फूट झाला. टनावारी वजन.

पण भूकंपानंतरच्या पाहणीत एक गोष्ट दिसली, तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष गेलं. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा होता, म्हणजे खणांची बांधणी नीट होती, तिथे अनेक ठिकाणी भिंती पडल्या तरी सांगाडा उभा राहिला आणि छत अंगावर आलं नाही. छताचं वजन लाकडावर होतं, भिंत फक्त आडोशाला. दोष जुनेपणाचा नव्हता. बिनबांधाच्या भिंतीचा आणि साठत गेलेल्या मातीचा होता.

त्यामुळे नंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात, जिथे घरं उभी होती तिथे, भिंतीला आरपार भोकं पाडून दोन्ही थर बांधणं, भिंतीच्या वरच्या बाजूने पट्टा घालणं, माळवदाची माती कमी करणं, लाकडी सांध्यांना तिरपे आधार देणं, अशी कामं झाली. लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि बळकटी अशी झाली.

आणि ५२ गावं मात्र पूर्णपणे नव्या जागी बांधली गेली. सिमेंटची घरं, सरळ रेषेत रस्ते, मोठे चौक. सुरक्षित, यात शंका नाही. पण जुन्या गावात गल्ली म्हणजे भावकी होती, आळी म्हणजे व्यवसाय होता, अंगण म्हणजे सावली होती. नव्या आखणीत बायकांना दुपारी बसायला आडोसा नव्हता आणि जनावरांना जागा नव्हती. लोकांनी हळूहळू स्वतःच गोठे, ओटे, भिंती वाढवल्या आणि घर पुन्हा आपल्या सवयीचं केलं. यातून मला एवढंच दिसतं: वारसामूल्य आधी नोंदवलेलं असतं तर आखणी करणाऱ्यांच्या हातात एक यादी असती, काय सोडून चालेल आणि काय चालणार नाही याची. संकटानंतर ती यादी करायला कुणाला वेळ मिळत नाही.

## ‘लाकूड बदललं तर वाडा तोच राहतो का?’

राहतो, काय बदललं याची नोंद ठेवली तर. माळवदाची माती दरवर्षी बदलायचीच असते, सारवण दर सणाला. जपानमध्ये १९९४ साली नारा इथे तज्ज्ञांनी हे मान्य केलं की ‘अस्सल’ कशाला म्हणायचं ते त्या त्या संस्कृतीने ठरवावं. लाकडी देवळांचा देश आहे तो, त्यांना हे बरोबर समजतं. बर्रा सनदेचं सूत्र घरी वापरण्यासारखं आहे: गरज असेल तितकं करा, पण शक्य तितकं कमी. खांबाचा पाय कुजला असेल तर पाय बदला, खांब नको. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र नको. आतली ओल बाहेर पडत नाही, मातीतच मुरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा मातीसकट पापुद्र्यासारखा सुटतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

## ‘अकरा हिस्सेदार. कुणाचं ऐकायचं?’

याचं सोपं उत्तर कुणाकडेच नाही. गोव्यात चांदोरला ब्रागांझांचं प्रचंड जुनं घर आहे. ते कुटुंबाच्या दोन शाखांमध्ये मधोमध वाटलेलं आहे, दोन्ही बाजू स्वतंत्रपणे राहतात आणि पाहुण्यांनाही दाखवतात. वाटणी झाली म्हणून घर पाडावंच लागतं असं नाही, एवढं त्यावरून कळतं. पण दोघांत वाटणं आणि अकरांत वाटणं यांत फरक आहे, आणि चांदोरला पर्यटक येतात, आपल्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते.

पैशाचं तेच. कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० मध्ये आलं, काही वाड्यांना त्यातून हात मिळू शकेल. मात्र प्रत्येक वाड्याचं निवासी हॉटेल होणार नाही, आणि झालं तरी पिठलं-भाकरी आणि बैलगाडीच्या फेरीत पेव, बळद, उंबरठे यांतलं काही उरेलच असं नाही. काही वाडे जाणारच. मला ते मान्य आहे. जाण्याआधी ते वाचले जावेत एवढंच म्हणणं आहे.

## दोन दिवसांचं काम

सोलापूर जिल्ह्यात माझ्या आत्याच्या सासरचा वाडा आहे. मोठा नाही, एकच चौक, सात खणांचा सोपा. मागच्या वर्षी मागची भिंत फुगली आणि हिस्सेदारांनी तो भाग उतरवायचं ठरवलं. उतरवण्याआधी आम्ही चुलत-मावस भावंडांनी दोन दिवस दिले. मोजपट्टी, वही, फोन, बस्स. प्रत्येक खोलीचा चारी बाजूंनी फोटो, खणांची मापं, कुठला दरवाजा कुठे होता, कुठलं लाकूड नंतर घातलेलं. माळ्यावरच्या ट्रंकेतले मोडी कागद उन्हात न घालता, प्लास्टिकऐवजी सुती कापडात बांधले. मग खोलीतल्या वस्तूंपेक्षा खोलीबद्दल विचारलं. इथे कोण झोपायचं? इथे कोण जेवायचं नाही? गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंनाही विचारलं. त्या लहानपणी या वाड्यावर शेणी थापायला यायच्या. मागच्या बोळातून, त्या म्हणाल्या, पुढून कधीच नाही. तो बोळ आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. आता तिथे भिंत आहे, पण वहीत तो काढलाय.

पेव कुठे होतं, हे फक्त आत्याला आठवत होतं. चौकाच्या कोपऱ्यात, आंब्याच्या जुन्या खोडापासून सहा पावलं. तिथे आता शहाबादी फरशी आहे आणि पोरं मोटारसायकली लावतात. आत्याने काठी घेतली आणि एकेक फरशी ठोकत गेली. चौथ्या फरशीवर आवाज बदलला.